वजा आलं तर ६५५३६ मिळवा

मंडळी, गेला महिनाभर हापिसात एका रिलीजने जीव काढला, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. (कुणी विचारलंही नाही म्हणा! :-)) पण मागच्या शनिवारी आजोळी गेलो होतो आणि तिथे जे घडलं ते लिहिल्याशिवाय राहवेना. आजोळ फार लांब नाही. आम्ही वसई स्टेशनजवळ बिल्डिंगींच्या गर्दीत राहतो आणि मामाचं घर पश्चिमेला निर्मळच्या बाजूला, विहीर, नारळ आणि चाफ्याच्या झाडांत. रिक्षाने जेमतेम अर्धा तास. पण तिथे पोचलं की आपण विरार लोकलवाले आहोत हे विसरायला होतं.

मामाने तरुणपणी आसपासच्या वाड्यांतली फुलं दादरला पोचवायचं काम केलं. मोगरा, चाफा, तगर. पहाटेच्या गाडीला टोपल्या चढवायच्या, दादरच्या बाजारातून पट्टी आणायची आणि प्रत्येकाच्या नावावर रक्कम लिहायची. काही जण रोजचे पैसे रोज न्यायचे. काही जण मामाकडेच साठवून ठेवायचे आणि लग्नसराईच्या तोंडावर एकदम उचलायचे. आता मामाने हे काम बंद करायचं ठरवलंय. बंद करण्याआधी त्याला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे जुन्या हिशेबांत कुणाचे पैसे आपल्याकडे राहिलेत का.

हा हिशेब कुठे होता? तर १९९३ साली घेतलेल्या एका सेकंडहँड पीसीवर, मामाने स्वतः लिहिलेल्या बेसिकच्या प्रोग्रॅममध्ये! फ्लॉप्या केव्हाच मेल्या, पण त्याने शहाणपणाने सगळं एका सीडीवर उतरवून ठेवलं होतं. सोबत एक शंभर पानी वही. वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं होतं:

"वजा आलं तर ६५५३६ मिळवा."

मी इंजिनियर असल्यामुळे मला हे वाक्य बघूनच हसू आलं. हसू कसं जिरलं ते पुढे येईलच.

आधी त्या आकड्याबद्दल. मामाचा प्रोग्रॅम क्विकबेसिक ४.५ मध्ये होता. मायक्रोसॉफ्टची ही आवृत्ती १९८८ ची. त्यात साधा 'इंटिजर' १६ बिटांत बसतो, म्हणजे उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत. त्याच्या पुढे गेलात की स्कूटरच्या मीटरसारखं होतं. मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो, हा मात्र थेट उणे ३२७६८ वर उडी मारतो. एका वर्षी एका वाडीवाल्याचे ३३,५३६ रुपये जमा झाले आणि प्रोग्रॅमने छापलं: वजा ३२,०००. म्हणजे बिचाऱ्याने वर्षभर फुलं घालायची आणि वर मामालाच बत्तीस हजार द्यायचे! मामाने कागदावर बेरीज केली, फरक काढला, तो ६५५३६ आला. दुसऱ्याच्या बाबतीतही तेवढाच. झालं, नियम सापडला, वहीत लिहिला, धंदा पुढे चालू.

यातली खरी गंमत पुढे आहे. हाच प्रोग्रॅम क्विकबेसिकच्या निळ्या पडद्यावर एफ-५ दाबून चालवला असता, तर 'ओव्हरफ्लो' असा संदेश देऊन तो तिथेच थांबला असता. पण ईएक्सई फाइल बनवताना 'डीबग कोड तयार करा' हा चौकोन रिकामा ठेवला, तर कंपायलर ती तपासणी घालतच नसे. तपासणीला वेळ लागतो, जागा लागते, आणि त्या काळी दोन्ही महाग. म्हणजे एकच प्रोग्रॅम, भाषा तीच, एकीकडे ओरडतो आणि दुसरीकडे निमूट खोटं बोलतो. मामाने अर्थातच ईएक्सई बनवली होती. रोज सकाळी कोण निळा पडदा उघडत बसणार?

* * *

तर बेसिक. माझ्या वयाच्या मंडळींनी शाळेत क्यूबेसिक केलं असेल. दहा, वीस, तीस असे ओळींचे क्रमांक, नाव छापणे, दोन संख्यांची बेरीज आणि तोंडी परीक्षा. आपल्या आधीच्या पिढीतल्या काही शाळांमध्ये १९८४ च्या सरकारी 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो आले होते, त्यांच्यावरही बेसिकच. आपण सगळ्यांनी ही भाषा बालवाडीसारखी वापरली आणि मोठे झाल्यावर तिला नावं ठेवली. पण तिचा इतिहास वाचायला घेतला तर तो बराचसा दुरुस्त्यांचाच इतिहास निघतो.

बेसिकचा जन्म १ मे १९६४ चा. म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या वाढदिवशी. :-) अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती घडवली आणि पहाटे चारच्या सुमारास तिच्यातले पहिले प्रोग्रॅम चालले. विज्ञान शाखेत नसलेल्या मुलांनाही संगणक वापरता यावा हा हेतू. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण हे पहिलं बेसिक कंपायलर होतं, इंटरप्रिटर नव्हे. आणि त्या पहिल्या आवृत्तीत 'इनपुट' हा आदेशच नव्हता! प्रोग्रॅम चालू असताना तो तुम्हाला काही विचारूच शकत नसे, सगळी माहिती आधीच आत लिहून ठेवायची. 'इनपुट' आलं १९६६ च्या तिसऱ्या आवृत्तीत. विद्यार्थी वापरत होते, अडत होते, आणि भाषा लिहिणारे त्याच आवारात बसून बदल करत होते. सगळ्या कॉलेजात मिळून संगणक एक, कंपायलर एक. आज रात्री दुरुस्त केला की उद्या सकाळी सगळ्यांसाठी दुरुस्त. आपल्याला हे सुख कधी मिळालंय का?

सुख संपलं ते बेसिक घरोघरी गेल्यावर. १९७५ मध्ये बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटे डेव्हिडॉफ यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं. मेमरी इतकी कमी की कंपायलर सोडून इंटरप्रिटरवर यावं लागलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्सने छंदवाल्यांना उद्देशून ते प्रसिद्ध जाहीर पत्र लिहिलं. लोकांना त्यातला चोरीचा आरोप आठवतो. पण त्याचा एक मुद्दा असा होता की प्रोग्रॅम लिहून काम संपत नाही, त्यातल्या चुका शोधायच्या, कागदपत्रं तयार करायची, हे सगळं फुकट कोण करणार? त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने उत्तरही आलं. 'टायनी बेसिक' नावाचं छोटं बेसिक चक्क मासिकांतून छापलं गेलं. वाचकांनी ते टाइप करायचं, चालवायचं, चुका सापडल्या तर कळवायच्या. आज ज्याला आपण ओपन सोर्स म्हणतो त्यातली बरीच सवय इथे लागली.

मग बेसिक रॉम चिपमध्ये जाऊन बसलं आणि दुरुस्ती आणखी अवघड झाली. कमोडोर पेट या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं ६५०२ बेसिक होतं. त्यात शब्द साठवायची जागा भरली की प्रोग्रॅम मध्येच थांबून साफसफाई करायला बसे. पद्धत अशी की उरलेल्या सगळ्या शब्दांतून सर्वांत वरचा शोधायचा, तो जागेवर नेऊन ठेवायचा, मग पुन्हा सगळ्यांतून पुढचा शोधायचा. शब्द दुप्पट झाले की वेळ चौपट. माणसाला वाटायचं मशीन मेलं. या साफसफाईच्या कोडमधल्या चुका कमोडोरच्या लोकांना सापडल्या आणि १९७८ मध्ये कमोडोरचा अभियंता जॉन फीगन्स आणि खुद्द बिल गेट्स यांनी मिळून त्या दुरुस्त केल्या. पुढे कमोडोरने आपल्या बेसिक ४.० मध्ये पद्धतच बदलून तो खोळंबाही घालवला. पण ज्याच्या घरी जुनी चिप होती त्याचं काय? नवी चिप मिळवायची, मशीन उघडायचं, जुनी काढून ती बसवायची. आपण फोनवर 'अपडेट आलाय' बघून वैतागतो तेव्हा हे आठवावं.

हे सगळं आता वाचताही येतं. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकचा १९८३ चा सोर्स मे २०२० मध्ये खुला केला आणि ६५०२ बेसिकचा सप्टेंबर २०२५ मध्ये. दुसरा जेमतेम ६,९५५ ओळींचा आहे, असेंब्लीत. फीगन्स-गेट्सची ती दुरुस्ती त्याच आवृत्तीत आहे. एखाद्या पावसाळी रविवारी जरूर बघा.

* * *

असो. परत मामाच्या ओटीवर.

माझा बेत सोपा होता. आधी डॉसबॉक्समध्ये क्विकबेसिक चालू करून मामाची फाइल उघडली. (ती साध्या मजकुराच्या रूपात नसते, आधी तशी सेव्ह करावी लागते. यात अर्धा तास गेला.) मग ती फ्रीबेसिकमध्ये आणली. हा २००४ पासूनचा मोफत कंपायलर स्वतःच बेसिकमध्ये लिहिलेला आहे, आणि त्याच्या घडवणाऱ्यांनी एक शहाणपण केलंय. नेहमीच्या रूपात त्याचा इंटिजर ऐसपैस आहे, ३२ किंवा ६४ बिटांचा. पण जुन्या प्रोग्रॅमसाठी एक वेगळं 'क्यूबी' रूप आहे, त्यात इंटिजर अजूनही १६ बिटांचाच. म्हणजे जुन्या घरात राहणाऱ्याला घर सोडायला लावलेलं नाही.

मी अर्थातच नवं रूप निवडलं. बेरजेची चूक आपोआप गेली. राहिल्या जुन्या डेटा फाइली. त्यांत वर्षअखेरच्या बाक्या आधीच दोन-दोन बाइटांत, गुंडाळून, लिहिलेल्या. सोपं आहे, वहीतला नियमच प्रोग्रॅममध्ये टाकला: वाचलेली बाकी ऋण असेल तर ६५५३६ मिळव. एक ओळ. चहा यायच्या आत यादी तयार.

मामा चष्मा लावून यादी बघायला लागला. बोट एका नावावर थांबलं.

"ह्याला मी चौसष्ट हजार छत्तीस देणं लागतो?"

"हो, असं दिसतंय. जुनी बाकी."

"अरे, ह्याने माझ्याकडून उचल घेतली होती! वाडीत पाणी भरलं, फुलं गेली, पोराच्या फीला पैसे नव्हते. दीड हजार त्याच्याकडे राहिले. मी मागितले नाहीत ती गोष्ट वेगळी."

उणे १५०० अधिक ६५५३६ म्हणजे ६४०३६. माझ्या पोटात गोळा आला. फाइलमध्ये वजा १५०० खरोखरच वजा होता. मामा वही बघून हाताने नियम लावायचा तेव्हा त्याला ठाऊक असायचं की कुठला वजा खरा आणि कुठला खोटा. उचल कुणी घेतली हे त्याच्या डोक्यात होतं, म्हणून वहीत लिहायची गरजच पडली नाही. मी नियम उचलला, पण डोकं नाही उचललं.

आणि याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. १६ बिटांत उणे १५०० आणि ६४०३६ यांचे बिट तंतोतंत सारखे असतात. म्हणजे फाइल कितीही हुशारीने वाचली, तरी त्यातून फरक सांगताच येत नाही. ती माहिती मशीनमध्ये नव्हतीच कधी.

* * *

यावरून एक्सेलमधली जुनी भानगड आठवली, आपल्यापैकी अनेकांच्या हापिसातली रोजची भाकरी. एक्सेलच्या मते १९०० हे लीप वर्ष होतं! शतकी वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, त्यामुळे १९०० ला २९ फेब्रुवारी नव्हता. पण १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये तो होता. एक्सेलला लोटसच्या फाइली जशाच्या तशा चालवायच्या होत्या, म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून घेतली. त्यात ६० क्रमांकाचा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी १९००, जो कधी उगवलाच नाही.

मग एक्सेलमध्ये बेसिक आलं. बेसिकवाल्यांना खोटा दिवस नको होता. पण आकडे जुळायलाही हवेत. त्यांनी काय केलं? मोजणी एक दिवस अलीकडे सुरू केली. एक्सेलचा पहिला दिवस १ जानेवारी १९००, तर व्हीबीएचा पहिला दिवस ३१ डिसेंबर १८९९. १ मार्च १९०० ला दोघेही ६१ वर येतात आणि तिथून पुढे कायम बरोबर. चूक तशीच ठेवली, पण तिच्या आजूबाजूला नीट भिंत बांधली. हे वाचून हसणाऱ्यांनी विचार करावा, आज ती दुरुस्त केली तर जगातल्या किती फाइलींमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील?

याउलट उदाहरणही आहे. केमेनी आणि कुर्ट्झना मायक्रोकॉम्प्युटरवरची ही गावठी बेसिकं मुळीच आवडत नव्हती. त्यांना ते 'रस्त्यावरचं बेसिक' म्हणायचे. १९८५ मध्ये त्यांनी स्वच्छ, नेटकं 'ट्रू बेसिक' आणलं. भाषा म्हणून ते चांगलं होतं. पण लोकांचे प्रोग्रॅम, पुस्तकं, सवयी सगळं रस्त्यावरच्या बेसिकमध्ये होतं आणि लोक तिथेच राहिले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबी डॉट नेट आणताना व्हीबी ६ शी नातं तोडलं, तर २००५ मध्ये जुन्या प्रोग्रॅमरांनी सह्यांचा अर्ज केला. बेसिकच्या घरात हे भांडण पिढ्यानपिढ्या चालू आहे: घर नीट करायचं की घरातल्या माणसांना सांभाळायचं?

* * *

ह्या भांडणाला एक फार सुंदर उत्तर आपल्या पवईत मिळालंय, आणि मुंबई विद्यापीठातून इंजिनियर झालेल्या बहुतेकांनी त्या माणसाचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलंय. सिस्टिम प्रोग्रॅमिंगवाले प्रा. धनंजय ढमढेरे, आयआयटी मुंबई.

कंपायलर प्रोग्रॅम सुधारतो म्हणजे काय करतो? समजा एकच गुणाकार एका वाटेवर आधी झालाय आणि पुढे दोन वाटा एकत्र आल्यावर पुन्हा होतोय. तर दुसऱ्या वाटेवर तो आधीच करून ठेवायचा आणि पुढचा काढून टाकायचा. १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हॉइज यांनी यासाठी एक गाजलेली पद्धत मांडली. पण तिच्यात उणीव होती. कोड फक्त ठरलेल्या तुकड्यांतच घालता येई, आणि काही वेळा योग्य जागा दोन तुकड्यांच्या मध्ये असे. आपल्या भाषेत, विरार लोकलमधून नालासोपारा किंवा वसईलाच उतरता येतं, मध्ये घर असलं तरी. ढमढेऱ्यांनी १९८८ मध्ये गरज पडेल तिथे मध्येच नवं स्टेशन बांधायची मुभा देणारी पद्धत मांडली. आणि १९९१ च्या निबंधात त्यांनी मूळ पद्धत मोडीत न काढता तिच्यातच बदल करून ती वापरण्याजोगी कशी करायची ते दाखवलं. पुढे प्रा. उदय खेडकरांबरोबर त्यांनी या विश्लेषणाचा पाया विस्तारला. खेडकरांनी पवईत जीसीसी या खुल्या कंपायलरची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या.

या सगळ्या विषयात एक अट असते, तिला सुरक्षितता म्हणतात. सुधारणा करताना, ज्या वाटेवर एखादी गणना आधी नव्हती त्या वाटेवर ती नव्याने आणायची नाही. परीक्षेत मी हे पाठ करून लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आणि मामाच्या ओटीवर बसून मी नेमकं तेच केलं. उचलवाल्याच्या वाटेवर, जिथे ६५५३६ कधीच मिळवले जात नव्हते, तिथे मी ते मिळवले.

आपल्या सगळ्यांचीच पोटं अशा दुरुस्त्यांवर चालतात. अंधेरीच्या सीप्झमध्ये १९९० च्या दशकात वायटूकेच्या कामाने किती घरं उभी राहिली ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन आकडी वर्षाची ती चूक दुसऱ्यांची होती, दुरुस्त आपण केली. पण तिकीट बंद करणं आणि दुरुस्ती करणं यात फरक आहे हे आपल्याला कुणी फारसं सांगत नाही. चूक जुनी असेल तर तिच्या आधाराने कुणीतरी उभं असतं, आणि ते कसं उभं आहे हे बहुतेक वेळा कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून चूक तशीच ठेवायची का? तर नाही. वही मामाबरोबर म्हातारी होतेय. उद्या मामाला आठवेनासं झालं तर तो दीड हजार आणि ते चौसष्ट हजार यांतला फरक जगात कुणालाच कळणार नाही.

शेवटी आम्ही काय केलं? फाइलींत एकूण अकरा ऋण बाक्या निघाल्या. मी नावं वाचत गेलो, मामा आठवून सांगत गेला. ह्याच्या मुलीचं लग्न होतं, त्याने पैसे मुद्दाम साठवले होते, मिळव. ह्याचा मोगरा किडीने गेला, उचल, राहू दे. शंका आली तिथे मामीने माळ्यावरून पट्ट्यांचं गाठोडं काढलं. अकरापैकी तीन वजा खरे निघाले. प्रोग्रॅममध्ये आता जमा आणि उचल असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि वर बेसिकच्या जुन्या रिवाजाप्रमाणे 'रेम' लिहून मामाचा नियम पूर्ण उतरवलाय: वजा आलं तर ६५५३६ मिळवा, उचलवाले सोडून.

एक चूक तेवढी सापडली नाही असं मला वाटलं होतं. पावतीवर मामाच्या नावाखाली 'जि. ठाणे' छापलं जात होतं. म्हटलं, मामा, १ ऑगस्ट २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आलो, हेही बदलून टाकतो.

"कशाला? त्या पावत्या फाडल्या तेव्हा ठाणेच होतं," मामा म्हणाला.

मी कीबोर्डवरून हात काढला. :-)

सगळं जुळवल्यावर मामाकडे दोन जणांचे थोडे पैसे खरंच राहिलेले निघाले. त्यातला एक आता राहिला नाही, त्याचा मुलगा विरारला असतो. येत्या रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. त्यामुळे पुढच्या आठवड्यात इथे सुट्टी. तोवर तुमच्याही घरात अशी एखादी लाल शाईची वही असेल तर काढून बघा, आणि ज्याने ती लिहिली तो माणूस जवळ असेल तर त्याच्या शेजारी बसून बघा.